जागेवरचा एक्सआरएफ आकडा आणि प्रयोगशाळेचा अहवाल जुळत नसेल, तर कुठे पाहावे

दूषित मातीच्या स्वच्छतेचे काम चालू असताना एक अडचण पुन्हा पुन्हा उभी राहते. खड्ड्याच्या तळाशी किंवा कडेला हातातल्या एक्सआरएफ (क्ष-किरण प्रतिदीप्ती) यंत्राने शिसे, आर्सेनिक, जस्त यांचे प्रमाण मोजले जाते, त्या आकड्यांवर विसंबून खोदकाम थांबवले जाते किंवा पुढे नेले जाते, आणि काही दिवसांनी प्रयोगशाळेचा अहवाल हाती येतो तेव्हा त्याच नमुन्यांचे आकडे वेगळे निघतात. कधी अहवालातले शिसे जागेवरच्या आकड्याच्या दीडपट असते, कधी क्रोमियम निम्मेच भरते, तर कधी सगळे नमुने व्यवस्थित जुळतात आणि मधलाच एखादा दहापट वेगळा निघतो. अशा वेळी बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर यंत्र तपासणीसाठी निर्मात्याकडे पाठवले जाते, नाहीतर सगळ्या आकड्यांना एकाच गुणकाने गुणून ते अहवालाशी जुळवून घेतले जातात. दोन्ही उपाय घाईचे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. खरोखर यंत्रच बिघडलेले आहे असे क्वचित घडते, आणि कारण न कळता लावलेल्या गुणकाखाली मूळ चूक झाकली जाते. यंत्राने पाहिलेली माती आणि प्रयोगशाळेने आम्लात घातलेली माती यांच्यात नेमका काय फरक होता, हे आधी शोधले पाहिजे. पुढील विवेचन हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्राने मातीतील धातू मोजण्यापुरते आहे; इंधनासारख्या सेंद्रिय प्रदूषकांची जागेवरची तपासणी हा वेगळा विषय आहे.

दोन आकडे कशाचे आहेत

यंत्रातली नळी मातीवर क्ष-किरण सोडते. त्यामुळे अणूंच्या आतल्या कक्षांमधले इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात, आणि रिकामी झालेली जागा भरली जात असताना प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरावीक ऊर्जेचे किरण बाहेर टाकते. यंत्र हे किरण ऊर्जेप्रमाणे वेगवेगळे मोजते आणि त्यावरून प्रमाण काढते. यात दोन मर्यादा आहेत. यंत्राची खिडकी जेमतेम सेंटिमीटरभर रुंद असते, आणि शिशासारख्या धातूचे किरण मातीच्या वरच्या सुमारे एक-दोन मिलिमीटर थरातूनच परत येऊ शकतात. म्हणजे अर्धा किलोची पिशवी समोर असली, तरी यंत्राला तिच्यातली चिमूटभर मातीच दिसते.

प्रयोगशाळाही पूर्ण पिशवी तपासत नाही. ती अर्धा ते दोन ग्रॅम माती घेते, तीव्र आम्लात तापवते, जे विरघळेल ते गाळून घेते आणि त्या द्रावणातले धातू प्लाझ्मा यंत्रावर, म्हणजे द्रावण अतितप्त वायूत सोडून, मोजते. तेव्हा प्रयोगशाळेचा आकडा म्हणजे सत्य आणि जागेवरचा आकडा म्हणजे अंदाज अशी विभागणी मनाशी धरणे चुकीचे आहे. दोन्ही आकडे त्या जागेतल्या मातीचे अंदाजच आहेत. दोहोंमध्ये मातीचा कण वेगळा, ओलावा वेगळा, आणि 'एकूण धातू' म्हणजे काय याची व्याख्याही वेगळी असू शकते.

आधी आलेख काढावा

कोणतेही पाऊल उचलण्यापूर्वी आतापर्यंत जमलेल्या सगळ्या जोड्या, म्हणजे एका बाजूला यंत्राचा आकडा आणि दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळेचा, प्रत्येक धातूसाठी वेगळ्या आलेखावर मांडाव्यात. आकडे दहापटीहून अधिक पसरलेले असतील तर दोन्ही अक्षांवर लॉगरिदमिक मापन (१०, १००, १००० असे समान अंतरावर) वापरावे. तफावतीचे कारण पुष्कळदा या आलेखाच्या आकारातच दिसते.

सगळे बिंदू एका सरळ रेषेवर आहेत, पण ती रेषा अपेक्षेपेक्षा एकाच प्रमाणात वर किंवा खाली आहे, असे दिसल्यास ओलावा, कोरड्या-ओल्या वजनाचा हिशेब, चाळणी किंवा आम्लात धातू विरघळण्याची पद्धत यांच्याकडे पाहावे. बिंदू रेषेच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले असतील, सरासरी मात्र जुळत असेल, तर माती एकजीव नाही. एक-दोनच बिंदू फार दूर असतील आणि बाकीचे जुळत असतील, तर त्या नमुन्यांत धातूचा शुद्ध कण आलेला असतो किंवा पिशव्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झालेली असते. दुसरी शक्यता आधी तपासावी, कारण ती नोंदवही उघडून लगेच पडताळता येते. एकच धातू बिघडलेला दिसत असेल आणि इतर जुळत असतील, तर किरणांच्या ऊर्जा एकमेकींत मिसळत असतात किंवा तो धातू आम्लात नीट उतरत नसतो. काही ठरावीक दिवसांचेच बिंदू वेगळे पडत असतील, तर मात्र यंत्राकडे पाहणे योग्य ठरते.

इथे सहसंबंधाच्या गुणांकाविषयी, म्हणजे दोन्ही आकडे किती सोबतीने चढतात-उतरतात हे सांगणाऱ्या, १ पर्यंत जाणाऱ्या आकड्याविषयी, सावध राहावे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची ६२०० क्रमांकाची पद्धत या कामासाठी जगभर आधार म्हणून वापरली जाते. तिच्यानुसार दर २० नमुन्यांमागे किमान १ नमुना पडताळणीसाठी प्रयोगशाळेत जावा, हा गुणांक निदान ०.७ असावा, आणि यंत्राचे आकडे निर्णायक मानायचे असतील तर इतर अटींबरोबर तो ०.९ किंवा अधिक असावा. परंतु खूप दूषित असा एकच बिंदू आलेखाच्या वरच्या कोपऱ्यात असला, की खालचे सगळे बिंदू कसेही विखुरलेले असूनही गुणांक ०.९ च्या पुढे जातो. निर्णय ज्या मर्यादेवर (माती स्वच्छ धरण्यासाठीच्या कमाल प्रमाणावर) घ्यायचा आहे तिच्या आसपासचे बिंदू वेगळे काढून पाहिल्याशिवाय त्या गुणांकावर समाधान मानू नये. पडताळणीचे नमुने निवडतानाही कमी, मध्यम आणि अधिक प्रमाणाचे नमुने घ्यावेत, आणि मर्यादेजवळचे नमुने मुद्दाम घ्यावेत.

ओलावा

जागेवरचा आकडा सातत्याने कमी येत असेल, तर सर्वांत आधी ओलावा तपासावा. मातीतल्या पाण्यामुळे दोन परिणाम होतात. वजनात पाण्याचा वाटा वाढल्याने धातूचे प्रमाण पातळ होते, आणि शिवाय पाणी क्ष-किरणांचे शोषण व विकिरण करते. ओलावा ५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ही चूक सहसा लहान राहते. २० टक्क्यांच्या पुढे ती दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल बहुधा कोरड्या वजनावर असतो. समजा कोरड्या मातीत किलोमागे ५०० मिलिग्रॅम शिसे आहे आणि जागेवर तिच्यात २५ टक्के पाणी आहे. केवळ वजनाच्या हिशेबाने यंत्रावर ३७५ दिसेल. मर्यादा ४०० असेल तर तो तळ स्वच्छ ठरवला जाईल, त्यावर भराव टाकला जाईल, आणि अहवाल येईपर्यंत ती माती गाडली गेलेली असेल. या एका उदाहरणासाठीच ओलाव्याची नोंद प्रत्येक रीडिंगसोबत असायला हवी, असा माझा आग्रह असतो.

ओलावा माहीत असेल तर आकडा कोरड्या वजनावर आणता येतो: ३७५ भागिले ०.७५ म्हणजे ५००. पण इथेच आणखी एक चूक वारंवार होते. पर्यावरणाच्या हिशेबात ओलावा म्हणजे पाण्याचे वजन भागिले ओल्या मातीचे वजन. बांधकामासाठी मातीची चाचणी करणारे मात्र तोच शब्द पाण्याचे वजन भागिले कोरड्या मातीचे वजन या अर्थाने वापरतात. त्यामुळे पहिल्या पद्धतीचा २५ टक्के ओलावा दुसऱ्या पद्धतीत सुमारे ३३ टक्के होतो. बांधकामाच्या प्रयोगशाळेकडून आलेला ३३ हा आकडा वरच्या सूत्रात तसाच घातला, तर उत्तर ५०० ऐवजी ५६० च्या आसपास येते. अहवालावर 'कोरड्या वजनावर' की 'मिळाल्या स्थितीत' असा उल्लेख आहे, तोही न चुकता वाचावा. कधी कधी तफावतीचे उत्तर त्या एका ओळीतच असते.

गणिताने सुधारणा करण्यापेक्षा नमुना वाळवणे केव्हाही चांगले, कारण गणित केवळ वजनाचा भाग सुधारते. पाण्याने शोषलेल्या किरणांचा भाग राहूनच जातो. साध्या ओव्हनमध्ये सुमारे १०५ अंश सेल्सिअसला पातळ थर पसरून माती वाळवावी. मायक्रोवेव्ह वापरू नये. तिच्यामुळे आकड्यांतला चढउतार वाढू शकतो, आणि मातीत धातूचे तुकडे असतील तर ठिणग्या उडतात. पारा मोजायचा असेल तर त्या नमुन्याचा वेगळा भाग न तापवता बाजूला ठेवावा, कारण उष्णतेने पारा उडून जातो आणि आकडा खोटा कमी येतो. वाळवण्याची जागा हवेशीर असावी आणि तिथली धूळ शेजारच्या नमुन्यांवर बसणार नाही अशी व्यवस्था असावी. वाळवण्याला वेळ लागतो, खोदकामाचे यंत्र उभे राहते आणि कंत्राटदार अस्वस्थ होतो, हे खरे आहे. म्हणून सगळेच नमुने वाळवणे शक्य नसेल तेव्हा निदान मर्यादेजवळचे आणि दिसायला ओले असलेले नमुने तरी वाळवूनच पुन्हा मोजावेत.

माती एकजीव नसणे

तफावतीचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण हेच आहे. धातू मातीत सारखे पसरलेले नसतात. जुन्या रंगाचा पोपडा, शिशाच्या गोळीचा तुकडा, धातुमळीचा (धातू गाळताना उरलेल्या मळीचा) खडा, बॅटरीच्या प्लेटचा कण अशा रूपांत ते असतात, आणि उरलेली माती जवळजवळ स्वच्छ असू शकते. यंत्राच्या खिडकीसमोर असा एक कण आला तर आकडा हजारोंत जातो. पिशवी थोडी हलवली की तोच आकडा शंभरावर येतो. प्रयोगशाळेने उचललेल्या एका ग्रॅममध्ये तो कण आला की नाही, हाही योगायोगच असतो.

तफावत कोणत्या पायरीवर जन्माला येते, हे शोधण्यासाठी तीन पातळ्यांची एक साधी चाचणी आहे. काम सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ती करून घ्यावी आणि मातीचा प्रकार बदलला की पुन्हा करावी. पहिल्या पातळीवर मध्यम दूषित अशा एका पिशवीवर यंत्र एकाच जागी स्थिर ठेवून निदान ७ रीडिंग घ्यावीत. त्यांच्यातला फरक हा केवळ यंत्राचा फरक असतो. वर उल्लेखलेल्या ६२०० पद्धतीत अशा पुनरावृत्त रीडिंगचे सापेक्ष प्रमाण विचलन (सरासरीच्या टक्केवारीत मांडलेला चढउतार) २० टक्क्यांच्या आत असावे, क्रोमियमसाठी ३० टक्क्यांच्या आत, अशी अट आहे. दुसऱ्या पातळीवर प्रत्येक रीडिंगपूर्वी पिशवी चुरून, उलटसुलट करून वेगळ्या जागी मोजावे. आता मिळणाऱ्या फरकात पिशवीतल्या मातीचा विषमपणाही येतो. तिसऱ्या पातळीवर त्याच जागेभोवतीच्या एखाद्या मीटरच्या परिसरातून स्वतंत्र पिशव्या भराव्यात आणि त्या मोजाव्यात. या फरकात जमिनीतला विषमपणाही मिळतो.

समजा हे तीन फरक अनुक्रमे ४, २५ आणि ६० टक्के आले. असे आकडे समोर आले की चर्चेची दिशाच बदलते. हे फरक वर्गांच्या बेरजेने एकत्र येत असल्यामुळे यंत्राचा ४ टक्क्यांचा फरक पूर्णपणे नाहीसा केला, तरी एकूण फरक ६० वरून ५९.९ टक्क्यांवर येईल. अधिक महागडे यंत्र घेणे, रीडिंगचा वेळ दुप्पट करणे किंवा निर्मात्याला बोलावणे यांनी तिथे काहीच साधणार नाही. त्या ठिकाणी एकाच बिंदूवरून नमुना घेण्याऐवजी ज्या तुकड्याविषयी निर्णय घ्यायचा आहे, त्याच्या संपूर्ण क्षेत्रातून ३० किंवा त्याहून अधिक लहान लहान भाग समान अंतरावर उचलून एकच मिश्र नमुना करावा, तो वाळवून चाळावा आणि मग मोजावा. याउलट पहिली पातळीच २० टक्क्यांच्या पुढे गेली, तर दोष यंत्रात किंवा रीडिंगच्या अपुऱ्या वेळेत आहे.

यंत्राच्या पडद्यावर आकड्यापुढे येणारे 'अधिक-उणे' या विषमपणाविषयी काहीच सांगत नाही, ही गोष्ट यंत्र हाताळणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगितलेली बरी. ते केवळ मोजलेल्या किरणांच्या संख्येवरून काढलेले अनिश्चिततेचे माप असते. वेळ चौपट केला की ते निम्मे होते. तेवढ्याने आकडा अधिक खरा होत नाही. शिवाय काही यंत्रांत हे माप एका प्रमाण विचलनाचे असते, काहींत दोन किंवा तीन विचलनांचे. आपल्या यंत्रात कोणते आहे ते सेटिंगमध्ये पाहून नोंदवावे.

आता पडताळणीच्या नमुन्यांविषयी. जागेवर एका पिशवीवर रीडिंग घ्यायचे आणि शेजारची माती बाटलीत भरून प्रयोगशाळेला पाठवायची, ही सर्रास चालणारी रीत सोडून द्यावी. अशी जोडी जुळली नाही तर त्यातून यंत्राविषयी काहीच निष्कर्ष काढता येत नाही, कारण माती मुळातच वेगळी होती. वाळवून, चाळून, चांगली मिसळलेली माती एक्सआरएफच्या कपात भरावी, त्या कपावर रीडिंग घ्यावीत आणि तोच कप प्रयोगशाळेला पाठवून त्यातलीच माती आम्लात घालण्यास लेखी सांगावे. कपातली माती आधीच बारीक आणि एकजीव असल्याने उरणारा फरक बहुतांशी मोजण्याच्या दोन पद्धतींमधला असतो. दोन्ही आकडे इथे जुळले आणि पिशवीवरचे आकडे मात्र जुळत नसले, तर यंत्र निर्दोष आहे आणि दोष नमुना घेण्याच्या किंवा तयार करण्याच्या पायरीवर आहे, हे ठामपणे म्हणता येते. तफावतीवरचे वाद मिटवणारी याहून स्वस्त चाचणी मला माहीत नाही.

चाळणीचा प्रश्नही इथेच येतो. बारीक कणांवर धातू अधिक प्रमाणात चिकटतात, त्यामुळे २ मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेली माती आणि २५० मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली माती यांचे आकडे वेगळे येतात आणि दोन्ही बरोबर असतात. हाताला चिकटून पोटात जाणाऱ्या मातीचा विचार करून शिशासाठी अमेरिकी पर्यावरण संस्थेने २०१६ मध्ये २५० ऐवजी १५० मायक्रॉनची चाळणी सुचवली. जागेवर एक चाळणी आणि प्रयोगशाळेत दुसरी असेल, तर तफावत कायम राहणारच. कोणती चाळणी वापरायची हे कामाच्या आराखड्यात आधी ठरवावे आणि प्रयोगशाळेच्या मागणीपत्रावर तेच लिहावे. चाळणीवर उरलेला भागही फेकण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावा. त्यात गोळ्यांचे तुकडे किंवा धातुमळी दिसली तर ती नोंद कोणत्याही आकड्याइतकी महत्त्वाची असते.

एकच धातू चुकत असेल तर

शिसे आणि आर्सेनिक ही जोडी सर्वांत त्रासदायक आहे. शिशाची एक प्रमुख रेषा, म्हणजे त्याच्या किरणांची ठरावीक ऊर्जा, १०.५५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर येते आणि आर्सेनिकची १०.५४ वर, यंत्राला त्या वेगळ्या दिसत नाहीत. म्हणून यंत्र शिसे १२.६ जवळच्या दुसऱ्या रेषेवरून मोजते आणि त्यावरून शिशाचा वाटा वजा करून आर्सेनिक काढते. शिसे थोडे असेल तोवर हे ठीक चालते. शिसे आर्सेनिकच्या दहापट किंवा अधिक झाले, की एका मोठ्या आकड्यातून दुसरा मोठा आकडा वजा करून उरलेल्या लहान फरकाला आर्सेनिक म्हणण्याची वेळ येते, आणि त्या आकड्यावर विसंबता येत नाही. यंत्र अशा वेळी आर्सेनिक आढळले नाही असे दाखवते, पण त्याच वेळी त्याची शोधमर्यादाही, म्हणजे यंत्राला दिसू शकणारे किमान प्रमाण, वाढलेली असते. 'आढळले नाही' याचा अर्थ 'नाही' असा घेऊन तळ बंद करणे धोक्याचे आहे. अशा जागी आर्सेनिकचा निर्णय प्रयोगशाळेवरच सोपवावा. कोणताही गुणक इथे उपयोगी पडत नाही, कारण चूक शिशाच्या प्रमाणानुसार प्रत्येक नमुन्यात बदलते.

आर्सेनिकच्या बाबतीत कधी चूक प्रयोगशाळेकडेही असू शकते. प्लाझ्मा यंत्राला वस्तुमानमापक (अणूंना वस्तुमानावरून ओळखणारे उपकरण) जोडलेले असेल आणि माती खारट असेल किंवा आम्लात हायड्रोक्लोरिक वापरले असेल, तर आर्गॉन आणि क्लोरीन यांचे संयुग ७५ या वस्तुमानावर येते, आणि आर्सेनिकचे वस्तुमानही ७५ आहे. हे टाळण्याची साधने आधुनिक यंत्रांत असतात. ती वापरली का, हे विचारण्यात संकोच करू नये.

क्रोमियमचा प्रकार निराळा. यंत्र मातीतला सगळा क्रोमियम मोजते, खनिजाच्या स्फटिकात अडकलेलाही. नेहमीच्या नायट्रिक आम्लाच्या पचनात (आम्लात तापवून विरघळवण्यात) सिलिकेट आणि क्रोमाइट पूर्ण विरघळत नाहीत, त्यामुळे अहवालातला आकडा कमी येतो. बेरियम आणि अँटिमनी यांच्या बाबतीतही असेच होते. इथे दोघेही बरोबर मोजत असतात, फक्त मोजलेली गोष्ट वेगळी असते. कायद्याची मर्यादा आम्लात उतरणाऱ्या धातूवर आधारलेली असेल तर यंत्राचा आकडा सुरक्षित बाजूला चुकतो. मात्र त्यामुळे नैसर्गिकरीत्या क्रोमियम असलेली निर्मळ माती उगाच उचलली जाऊ शकते. खात्री करायची असल्यास दोन-चार नमुन्यांचे हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरून पूर्ण पचन करून घ्यावे. ते आकडे यंत्राशी जुळले तर प्रश्न मिटला. षट्संयुजी क्रोमियम किती आहे, हे हे यंत्र कोणत्याही परिस्थितीत सांगू शकत नाही.

जस्त थोडे अधिक दिसत असेल तर तांब्याचे प्रमाण पाहावे, आणि कोबाल्ट अनपेक्षितपणे दिसू लागला तर लोहाचे. दोन्ही ठिकाणी शेजारच्या धातूची रेषा सांडून येते. कॅडमियम, कथील आणि अँटिमनी यांचे किरण अधिक ऊर्जेचे असल्याने ते मातीत खोलवरून परत येतात. पिशवीतला थर पातळ असेल तर यांचेच आकडे कमी येतात आणि शिसे मात्र बरोबर येते. थर एक सेंटिमीटरपेक्षा पातळ ठेवू नये. कमी ऊर्जेच्या किरणांचे उलटे आहे: क्रोमियमसारख्या धातूचे किरण जाड प्लास्टिकच्या पिशवीतच काही प्रमाणात अडतात, म्हणून सगळ्या नमुन्यांसाठी एकाच जाडीच्या पिशव्या वापराव्यात आणि ज्ञात प्रमाणाचा प्रमाणित नमुनाही त्याच प्लास्टिकमधून एकदा मोजून पाहावा.

यंत्राची तपासणी

ही रोजचीच असल्यामुळे थोडक्यात सांगतो. सकाळी, दुपारी आणि काम संपताना शुद्ध वाळूचा कोरा नमुना आणि ज्ञात प्रमाणाचा मातीचा प्रमाणित नमुना मोजावा. कोऱ्या नमुन्यात शिसे दिसले तर खिडकीवरच्या पातळ पडद्यावर धूळ बसलेली असते. पडदा पुसावा किंवा बदलावा. प्रमाणित नमुन्याचा आकडा २० टक्क्यांहून अधिक हलला, तर शेवटच्या चांगल्या तपासणीनंतरची सगळी रीडिंग पुन्हा घ्यावी लागतात, त्यामुळे दिवसातून एकदाच तपासणी करणे शेवटी महाग पडते. उन्हात तापलेल्या गाडीतून काढलेले यंत्र लगेच वापरू नये. हवामान बरेच बदलले की ऊर्जेची तपासणी पुन्हा चालवावी. यंत्र मातीच्या पद्धतीवर लावलेले आहे की खनिजाच्या, हेही पाहावे. मातीची पद्धत कमी प्रमाणासाठी असते. धातू काही टक्क्यांत असेल तिथे ती चुकते. पिशवी तळहातावर धरून तिच्यावर रीडिंग घेण्याची सवय दिसली तर तत्काळ थांबवावी, कारण किरण पिशवीच्या पलीकडे जातात.

गुणक कधी लावावा

वरील सगळे तपासून झाल्यावर, तफावतीचे कारण कळलेले असताना आणि ते सगळ्या नमुन्यांना सारखेच लागू असताना, त्याच जागेच्या जोड्यांवरून काढलेला गुणक लावणे रास्त आहे. तो मर्यादेच्या आसपासच्या बिंदूंवर पडताळलेला असावा, एका धातूचा दुसऱ्याला लावू नये, आणि भरावाच्या मातीवरून काढलेला गुणक खालच्या चिकणमातीला लावू नये. विखुरलेल्या बिंदूंना तर गुणकाने काहीच होत नाही. सरासरी सरकते आणि प्रत्येक नमुन्यातली चूक तशीच राहते.

निर्णयासाठी एकच रेघ न ओढता तीन पट्टे ठेवावेत, असे मी सुचवेन. मर्यादा ४०० असेल आणि जोड्यांतला फरक साधारण २५ टक्के असेल, तर ३०० च्या खालची माती स्वच्छ धरावी, ५०० च्या वरची आणखी न तपासता उचलावी, आणि मधल्या पट्ट्यातली वाळवून, चाळून पुन्हा मोजावी व तिचे नमुने प्रयोगशाळेला पाठवावेत. पट्ट्याची रुंदी तीन पातळ्यांच्या चाचणीतून आलेल्या आकड्यांवरून ठरवावी आणि ती आधीच लिहून ठेवावी. खोदकाम चालू असताना ती वाटाघाटीत आक्रसू देऊ नये. दोन बाजूंच्या चुकांची किंमत सारखी नसते. स्वच्छ माती उचलली तर पैसे जातात. दूषित माती तळाशी राहून वर भराव पडला, तर तिथे राहणाऱ्यांच्या आणि तिथे खेळणाऱ्या मुलांच्या वाट्याला ती येते आणि नंतर कोणी सहसा ती शोधतही नाही. म्हणून खालचा आकडा ठरवताना मी तो मर्यादेपासून जरा अधिकच दूर ठेवीन.

खड्ड्याच्या तळाशी यंत्र थेट जमिनीवर टेकवून घेतलेली रीडिंग पुढे कोणत्या दिशेने खोदायचे हे ठरवण्यासाठी उत्तम आहेत, कारण ती मिनिटभरात मिळतात आणि दूषित पट्टा कुठे सरकतो आहे ते दाखवतात. परंतु तळ बंद करण्याचा निर्णय त्यांच्यावर घेऊ नये: तळाची माती सर्वांत ओली असते, पृष्ठभाग ओबडधोबड असतो, आणि खोदणाऱ्या बकेटने वरची दूषित माती तळावर माखलेली असू शकते किंवा उलट खालची स्वच्छ माती तिच्यावर ओढली गेलेली असू शकते. वरचा माखलेला थर खरवडून, त्याखालून मिश्र नमुना घ्यावा, तो वाळवून मोजावा. प्रत्येक नोंदीत रीडिंगचा वेळ, ओलावा, चाळणी, पिशवी की कप, यंत्राची पद्धत आणि त्या दिवशीच्या प्रमाणित नमुन्याचा आकडा असावा, म्हणजे अहवाल आल्यावर तफावत दिसलीच, तर ती कोणत्या पायरीवर शिरली हे नोंदवहीवरूनच काढता येते.